आधी तुम्ही बोला

माघ संपत आला, की आमच्या संभाजीनगरात कूलर आणि ब्लेझर एकाच सुमारास बाहेर निघतात. कूलरचं समजण्यासारखं आहे. दुपारचं ऊन चटके द्यायला लागलेलं असतं. माणसं गच्चीवर बसून कूलरच्या जाळ्यांतलं जुनं गवत ओढून काढतात, नवं भरतात, आणि पाणी सोडलं की गल्लीभर ओल्या गवताचा वास सुटतो. ब्लेझर मात्र त्याच उन्हात का निघावेत, हे बाहेरगावच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. कॉलेजांमध्ये कंपन्या मुलं निवडायला येतात, तो हंगाम नेमका हाच असतो. थंडीत जो कपडा अंगावर शोभला असता तो घालून आमची मुलं घामाच्या धारांत उभी राहतात आणि स्वतःच्या गुणांविषयी बोलतात.

परवा ऑफिसला जाताना सिग्नलला माझ्या शेजारी एक रिक्षा थांबली. आत एक मुलगी, काळा ब्लेझर घातलेली. बाही तिच्या बोटांपर्यंत आलेली, म्हणजे ब्लेझर दुसऱ्या कुणाचा तरी. डोळे मिटलेले आणि ओठ हलत होते. मी कोण, कुठली, माझी जमेची बाजू काय, हे ती घोकत होती. पाहताक्षणी ओळखलं मी. रिक्षावाल्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि गाण्याचा आवाज आपणहून कमी केला. सिग्नल सुटला, रिक्षा निघून गेली, आणि माझा मात्र तो दिवस माझ्याच कॉलेजातल्या शेवटच्या सत्राच्या आठवणींत गेला.

मी पिशोरची. कन्नड तालुक्यातलं बाजाराचं मोठं गाव. पदवीनंतर तिथल्याच एका पतसंस्थेत मी चिकटले होते. पंख्याखाली खुर्ची, समोर लोखंडी कपाट, दुपारी डबा. वाईट काहीच नव्हतं, आणि तेच मला खुपायचं. मग एका उन्हाळ्यात ती नोकरी सोडली आणि शहरात येऊन शाश्वत व्यवस्थापन या विषयाच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. अभ्यासक्रम नवा, आमची तुकडी पहिलीच. कारखाना पाणी किती ओढतो आणि सोडताना ते कसं सोडतो, वीज कुठे वाया जाते, कचरा शेवटी कुणाच्या दारात जाऊन पडतो, हे मोजायचं, कमी करायला लावायचं आणि त्याचा खरा अहवाल लिहायचा, असं ते शिक्षण होतं.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते अद्रकाच्या शेतात ठिबकची नळी साफ करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी नेमकं कशाचं व्यवस्थापन?"

"सगळ्याचंच. माती, पाणी, हवा. पुढच्यांना पुरलं पाहिजे असं."

"ते तर आम्ही बी करतोच की. त्याच्यासाठी पंखा अन् खुर्ची सोडायची काय गरज?"

पण अडवलं नाही त्यांनी. अडवणं त्यांच्या स्वभावात नाही, चिमटा काढणं आहे. माझी खुर्ची लवकरच चुलतभावाच्या बायकोला मिळाली. ती तिथं छान रमली आहे, असं आई फोनवर आवर्जून सांगायची. परतीचे दोर माझ्यासाठी दुसऱ्यांनीच कापून ठेवले होते.

शेवटच्या सत्राच्या सुरुवातीला कळलं, की आमच्या विषयासाठी यंदा एकच कंपनी येणार आहे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतली. आणि तिला एकच माणूस हवा आहे. मला ती जागा हवी होती. अगदी जिवापाड हवी होती. वर्गात सगळेच एकमेकांना "बघू, मिळाली तर मिळाली" असं म्हणायचे, मीही म्हणायचे. तसं म्हणण्याची आमच्याकडे पद्धत आहे.

या पद्धतीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. आमच्या भागात चहा विचारला की पहिल्यांदा "नको" म्हणतात. दुसऱ्यांदाही "नको" म्हणतात. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धा द्या" म्हणतात आणि पूर्ण पितात. दारातून आत जाताना "तुम्ही व्हा पुढं", पंगतीत बसताना "तुम्ही बसा आधी", एसटीत जागा सापडली तरी आधी आजूबाजूला पाहून घ्यायचं. शहरात जुनी मुसलमान घरं आहेत, तिथं तर हे आणखी मुरलेलं. त्यामुळे आमच्यात कुणी पहिल्या झटक्यात हात पुढे केला, तर त्याचं घर कुठलं असेल याचा लोक विचार करतात.

अशा मुलांना पठाडे सर गटचर्चा शिकवायला उभे राहिले. पठाडे सर आमचे विभागप्रमुख, हा अभ्यासक्रम त्यांनीच खटपट करून आणलेला. नोकरीच्या निवडीत गटचर्चा असते, म्हणजे सात-आठ जणांना गोल बसवून एक विषय देतात आणि कोण कसं बोलतं ते पाहतात. सरावासाठी सरांनी विषय दिला, घड्याळ लावलं आणि बाजूला बसले. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

"तुम्ही करा सुरुवात," मी शेजारच्या मुलाला म्हणाले.

"नाय नाय, तुम्ही मोठ्या आहात."

"शाहीन, तू बोल," मी माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला म्हणाले.

"मैं बाद में बोलती ना. पहले सर के पास जो बैठे, वो."

विषयावर एक अक्षर न बोलता वेळ संपली. पठाडे सरांनी कपाळाला हात लावला नाही की ते रागावलेही नाहीत. ते नुसतेच हसत बसले, कारण ते स्वतः भोकरदनकडचे, त्यांनाही दोनदा नको म्हटल्याशिवाय चहा जात नव्हता. मग त्यांनी तो सगळा हंगाम आम्हाला एकच गोष्ट शिकवली, दुसऱ्याचं बोलणं तोडायचं. रोज दुपारच्या रिकाम्या हॉलमध्ये, पडदे ओढून, पंखा फुल करून, सर ओरडायचे, "तोडा. आता तोडा. त्याचा श्वास घेऊन होईस्तोवर थांबू नका." आणि आमच्यातलाच एक जण हात वर करून म्हणायचा, "सर, यांचं झालं की मला तोडायचंय."

एकट्या ज्ञानेश्वरला हे शिकवावं लागलं नाही. तो लासूर स्टेशनचा, घरची अडत. लहानपणापासून कांद्याच्या लिलावात उभा राहिलेला, त्यामुळे दहा जणांच्या गलक्यात आपला आवाज कुठल्या फटीतून घुसवायचा, हे त्याला अंगानंच माहीत. सर त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हे बघा, असं." ज्ञानेश्वर लाजायचा. अडतीत ओरडतो तसं कॉलेजात ओरडल्याबद्दल कौतुक होईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

मी आणि शाहीन टीव्ही सेंटरच्या मागे एका खोलीत राहायचो. मगरे काकूंच्या घराच्या वरच्या मजल्यावर. शाहीन दौलताबादची, तिच्या अब्बांचं किल्ल्याच्या पायथ्याशी चहाचं हॉटेल. त्या दिवसांत अंजिरांचा बहर असतो. अब्बा शहरात माल घ्यायला आले की वर्तमानपत्रात गुंडाळलेली अंजिरं आमच्या खोलीवर टाकून जायचे. इतकी पिकलेली असायची की त्या कागदावरची बातमी सालीवर उमटायची. आम्ही ती धुवायचो नाही, ओल्या फडक्यानं पुसायचो. धुवायला पाणी लागतं.

कारण आमच्या भागात नळ रोज येत नव्हता. आठ-आठ दिवसांनी यायचा, आणि कधी येणार याची नुसती कुणकुण असायची. अंगणात एकच नळ, आणि त्यावर काकूंचं घर, आमची खोली आणि खालची दोन बिऱ्हाडं. पाण्याची पहिली खरखर ज्याला ऐकू येईल त्यानं सगळ्यांची दारं वाजवायची, हा नियम. आणि भरायचं कुणी आधी, याचाही नियम होता, पण तो कुणी केलेला नव्हता. ज्याला घरातून लवकर निघायचंय तो पहिला. ज्याच्याकडे पाहुणा आलाय किंवा कुणी आजारी आहे तो दुसरा. मग बाकीचे. आणि घरमालकीण असून मगरे काकू सगळ्यात शेवटी. मी शहरात नवी असताना म्हणाले होते, "काकू, घर तुमचं, नळ तुमचा, तुम्ही भरा की आधी." त्या हंड्यावर हात ठेवून पायरीवर बसलेल्या होत्या. म्हणाल्या, "मी कुटं चालले? इतंच हाय. तुमची कालेजं निघून जातील."

सगळ्यांचं भरून झालं की त्या उठायच्या, पदर खोचायच्या आणि म्हणायच्या, "आता सरका गं." आणि खरंच सगळ्या सरकायच्या. पाणी तोवर बारीक झालेलं असायचं, पण त्यांचा हंडा भरल्याशिवाय नळाजवळून कुणी हलायचं नाही.

मी उन्हाळ्यात एका छोट्या कारखान्यात प्रकल्प केला होता. लोखंडी सुटे भाग धुण्याचा तो कारखाना. धुतलेलं पाणी दोन टाक्यांत निवळून पुन्हा धुण्यालाच वापरता येतं, असं मी तिथं पाहून, मोजून मांडलं होतं. वाळूजच्या त्या रस्त्यांवरून दुपारी चालत जाताना उष्ण वारा तोंडावर यायचा. त्यात तेलाचा, जळक्या रबराचा आणि कुठून तरी भिजलेल्या धान्याचा आंबूस वास असायचा, आणि मला तो आवडायचा. हे मी आईला कधी सांगितलं नाही. पण त्या वासात उभं राहिलं की मला वाटायचं, माझी जागा इथे आहे. पंख्याखाली नाही. गटचर्चेत मला नेमकं हेच सांगायचं होतं. धुतलेलं पाणी परत कसं वापरायचं, ते. आरशासमोर किती वेळा तरी बोलून ठेवलं होतं.

त्या वर्षी रमजान आणि कंपन्यांचा हंगाम एकत्र आले. शाहीन पहाटे सहेरी करून पुन्हा पुस्तक घेऊन बसायची. संध्याकाळी सिटी चौकाकडे गेलं की खजुरांचे ढीग, कापलेली कलिंगडं, तव्यावरचा धूर. मी तिच्याबरोबर जायचे आणि रोजा नसताना तिच्याइतकंच खायचे. ती म्हणायची, "तेरा तो रोज ईद है."

वाळूजची कंपनी आली ती रमजानातच. गटचर्चा दुपारची ठरली होती, पण निवड करणाऱ्या बाई पुण्याहून यायच्या होत्या आणि रस्त्यात अडकल्या. आम्ही ब्लेझर घालून व्हरांड्यात ताटकळत राहिलो. घाम यायचा, सुकायचा, पुन्हा यायचा. मध्ये पठाडे सर येऊन प्रत्येकाला सांगून गेले, "लक्षात आहे ना? तोडायचं." ऊन भिंतीवरून वर सरकलं आणि कडुलिंबाची गळलेली पानं वाऱ्यानं व्हरांड्यात येऊन पडत राहिली. शाहीनचे ओठ पांढरे पडले होते. तिनं पर्समध्ये खजूर ठेवले होते, ते आहेत ना हे ती अधूनमधून हात घालून बघायची. बाई आल्या तेव्हा सूर्य पलीकडच्या इमारतीच्या टाकीला टेकला होता.

विषय निघाला, वाढत्या शहरात कारखान्यांनी किती पाणी घ्यायचं, हे ठरवायचं कुणी. मला मनातल्या मनात टाळी वाजवावीशी वाटली. माझाच विषय.

आणि मग काय झालं, तर सरांची शिकवणी फळाला आली. घड्याळ लावताच सगळे एकदम बोलायला लागले. ज्यांना पूर्वी सुरुवात करता येत नव्हती, त्यांना आता थांबता येईना. ज्ञानेश्वर तर लिलावातच उभा होता. एकानं सरकार म्हणायचं, दुसऱ्यानं त्याला तोडून कंपनी म्हणायचं, तिसऱ्यानं दोघांना तोडून लोक म्हणायचं. शाहीननं दोन-तीनदा तोंड उघडलं. कोरड्या घशातून पहिला शब्द नीट निघायचा नाही, आणि तो निघेपर्यंत दुसरा कुणीतरी घुसलेला असायचा. ती पाण्याचा घोट घेऊ शकत नव्हती. समोर पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या होत्या.

मी खिडकीबाहेर पाहिलं. उजेड तांबूस झाला होता. आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा. शाहीनला आधी बोलू द्या. तिला रोजा सोडायला जायचंय."

मी हे ठरवून केलं नाही. त्यात मोठेपणा वगैरे काही नव्हता. मगरे काकूंच्या अंगणात ज्याला आधी निघायचंय त्याचा हंडा आधी लागतो, तशी ती सवय होती. गंमत म्हणजे बाकीच्यांनाही ती लगेच उमगली. सगळा हंगाम घोकलेलं विसरून सगळे गप्प झाले. ज्ञानेश्वरनं तर "व्हय व्हय, बोला" म्हणून खुर्ची मागे घेतली.

शाहीन बोलली. हळू, थांबत थांबत, मराठीत. ती म्हणाली, "कुणी किती घ्यायचं हे आपण पहिल्या माणसापासून ठरवतो. पहिला कारखाना किती घेणार, मग दुसरा, मग शहर, मग गाव. ते उलटं करून बघा. रांगेत शेवटचा कोण आहे, ते आधी ठरवा. त्याचं भांडं भरतंय का, ते बघा. ते भरत नसलं तर पहिल्यानं कमी घ्यायचं." मग तिनं उदाहरण दिलं, हिशेब कसा मांडायचा ते सांगितलं, आणि तिचं बोलणं संपलं तेव्हा बाईंनी घड्याळ पाहिलं.

"वेळ झाली. थँक यू, ऑल ऑफ यू."

माझ्या दोन टाक्या माझ्याजवळच राहिल्या. शाहीन व्हरांड्यात उभी राहून खजूर खात होती आणि एक खजूर तिनं माझ्यापुढे धरला. मी तो घेतला. गोड लागला.

पुढच्या फेरीला ज्ञानेश्वर आणि शाहीन गेले, आणि जागा शाहीनला मिळाली. मला वाईट वाटलं. शाहीनसाठी आनंद झाला हे खरं आहे, पण वाईट आधी वाटलं आणि जास्त वाटलं. खोलीवर येऊन मी मोरीत जाऊन रडले. तोंड धुताना सवयीनं अर्धाच मग घेतला, आणि आपण दुःखातसुद्धा पाणी मोजतोय याचं रडता रडता हसू आलं.

दुसऱ्या दिवशी पठाडे सरांनी मला बोलावलं. त्यांनी माझ्यासाठी बाईंकडे शब्द टाकला होता. सर जरा चाचरत होते, शेवटी म्हणाले, "बाई म्हणाल्या, मुलगी चांगली आहे. पण तिचं स्वतःचं म्हणणं काय, ते आम्हाला कळलंच नाही."

हे वाक्य मला लई दिवस डाचलं. अन्याय झाल्यासारखं वाटायचं. मी वाट करून दिली नसती तर शाहीन बोलली असती का, असं मनात यायचं. मग तिच्याशी नीट बोलायला नको वाटायचं, आणि तसं वाटल्याचंही वाईट वाटायचं. शाहीनला ते दिसत होतं. एका संध्याकाळी ती अंजिराचा पुडा सोडत माझ्यासमोर येऊन बसली.

"तेरी बारी मैं खा गई ना?"

"बारी मीच दिली तुला."

"हौ, तूने दी." तिनं एक अंजीर फोडून अर्धं माझ्याकडे केलं, आणि मग मराठीत बोलायला लागली. काही नीट सांगायचं असलं की ती मराठीत यायची. "काकू दर वेळी शेवटी भरतात का नाही? पण भरतात ना? मोठ्यानं सांगतात, आता सरका. तू मला नंबर दिला, चांगलं केलं. पण तू तुझा हंडाच नाही आणला गं."

मी अंजीर खात राहिले. राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण ती म्हणत होती ते मला तिच्या आधी कळायला हवं होतं. दर वेळी तर पाहत होते मी. काकूंचं शेवटी थांबणं मला दिसलं होतं, त्यांचं उठणं दिसलं नव्हतं. आधी तुम्ही, हे अर्धंच वाक्य आहे. आम्हाला घरी ते अर्धंच शिकवतात आणि उरलेलं ज्याचं त्यानं समजून घ्यायचं असतं. पठाडे सर बिचारे ते दुसरं अर्धं शिकवायला निघाले, तर ते एकटंच अंगात भिनलं आणि पहिलं गेलं.

बाबांना फोनवर सांगितलं, की जागा गेली. त्यांच्या मागे मोटर चालू असल्याचा आवाज येत होता. "लागंल," ते म्हणाले. "अद्रक लावलं की काय दुसऱ्या दिवशी उकरून बघतो का आपण?" मग जरा थांबून म्हणाले, "पतसंस्थेत जागा नाय हां पण." ते हसले, मग मीही हसले.

नंतरचे महिने लांबले. परीक्षा झाली, कूलर झाकले गेले, शाहीन वाळूजला बसनं जायला लागली आणि संध्याकाळी येऊन पाय दाबत बसायला लागली. मी अर्ज करत राहिले. शेवटी शेंद्र्याकडच्या एका लहान ऑफिसात पठाडे सरांनी मला पाठवलं. कारखान्यांचं पाणी आणि वीज तपासून देण्याचं काम ते करतात. मालक गव्हाणे साहेब. मुलाखत त्यांनी घेतली, म्हणजे तेच बोलले. ऑफिस कसं उभं केलं, पहिलं काम कसं मिळालं, हल्लीची मुलं कशी टिकत नाहीत. मी हं हं करत ऐकत होते. बोलता बोलता ते उठले, हात पुढे केला आणि म्हणाले, "छान वाटलं भेटून. कळवतो."

मी बसूनच राहिले.

"साहेब, तुमचं सगळं ऐकलं. माझं राहिलंय."

ते उभेच होते. मग बसले. मी दोन टाक्यांचं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, धापा टाकत. मधेच त्यांनी काही विचारायला तोंड उघडलं तर मी म्हणाले, "होऊ द्या माझं." घरी कुणी ऐकलं असतं तर आईनं कानच धरला असता.

त्या ऑफिसात मी अजून आहे. शाहीन आता तिच्या कंपनीत पाण्याचा सगळा विभाग बघते. भेटलो की कामाचंच बोलतो, आणि अंजिरांच्या दिवसांत तिच्याकडचा पुडा अजूनही येतो. ज्ञानेश्वर लासूर स्टेशनला परतला. त्यानं बाजारात सडलेल्या भाज्यांपासून खत करायचं सुरू केलंय आणि त्याचा फोन आला की कानापासून लांब धरावा लागतो.

यंदा आमच्या ऑफिसला एक माणूस हवा होता. गव्हाणे साहेब म्हणाले, तुमच्याच कॉलेजात जाऊ. त्या हॉलमध्ये मी पहिल्यांदाच टेबलाच्या या बाजूला बसले. पडदे तेच होते की बदलले, आठवेना. पठाडे सर थकलेत, पण दारातून मुलांना खुणा करत होते, ओठांनी म्हणत होते, तोडा.

आठ जण गोल बसले. विषय साहेबांनी दिला, छोट्या कारखान्यांना पाण्या-कचऱ्याच्या नियमांचा खर्च झेपतो का. मुलं चांगली तयार होती. एकमेकांना सफाईनं तोडत होती. बहुतेकांचं एकमत होतं, झेपत नाही, सूट दिली पाहिजे. साहेबांची मान हलत होती, कारण आमची गिऱ्हाइकं तेच म्हणतात. कडेला एक मुलगी बसली होती. कन्नडकडची, पूजा. एक मुलगा सारखा अडखळत होता, तर तिनं हात करून म्हटलं, "यांचं पूर्ण होऊ द्या." त्याचं पूर्ण झालं. मग तिनं मुद्दे जुळवून दिले, कुणाचं तरी राहिलेलं आठवून दिलं. आणि वेळ संपली.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "तो निळ्या शर्टवाला घेऊ. बोलतो चांगला." मुलं खुर्च्या मागे सरकवायला लागली होती. मला आत कुठेतरी त्या दिवसाचं सगळं एकदम दुखलं. आणि त्याच वेळी पुण्याच्या त्या बाई मला पहिल्यांदा समजल्या, कारण मलाही या मुलीविषयी काहीच सांगता आलं नसतं. चांगली आहे, एवढंच.

"एक मिनिट, बसा," मी म्हणाले. "पूजा, तुझं राहिलंय."

"नाही मॅडम. सगळ्यांचं झालंय की बोलून."

"सगळ्यांचं झालं. तुझं नाही झालं."

तिनं आधी दाराकडे, पठाडे सरांकडे पाहिलं. मग बाकीच्यांकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं. कुणीच मधे बोललं नाही. निळ्या शर्टवाला खुर्चीतून अर्धा उठलेला, तो पुन्हा बसला. साहेब घड्याळाकडे बघत होते. त्यांच्याकडे दुर्लक्ष करून मी थांबून राहिले. पूजानं हातातला रुमाल पर्समध्ये ठेवला आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

"मॅडम," ती म्हणाली, "मला यांच्यातल्या कुणाचंच पटलेलं नाही."